औषधाची मुदत, उन्हाळा आणि आपले घर

चैत्र सरत आला की हिमायतनगर परिसरात उन्हाची तलखी जाणवू लागते आणि मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. या दिवसांत ज्येष्ठांनी पाणी किती प्यावे, बाहेर केव्हा पडावे, डोक्याला काय बांधावे, याविषयी पुष्कळ सांगितले जाते. त्याच घरातील एक वस्तू मात्र सर्वांच्या नजरेतून सुटते. ती म्हणजे औषधांचा डबा. माणूस सावलीत सरकतो, कूलरसमोर बसतो, माठातले पाणी पितो. डबा मात्र जिथे ठेवला तिथेच तापत राहतो: कधी पत्र्याखालच्या फळीवर, कधी पश्चिमेच्या खिडकीत, कधी चुलीच्या किंवा गॅसच्या शेजारी.

औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते. ती संपली नसेल तर औषध चांगले आहे, असे आपण धरून चालतो. वास्तविक ती मुदत अटीसह दिलेली हमी आहे आणि ती अट त्याच पाकिटावर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेली असते: ‘स्टोअर बिलो ३० डिग्री’, म्हणजे ३० अंशांच्या खाली ठेवा, किंवा ‘स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस, प्रोटेक्टेड फ्रॉम लाइट’, म्हणजे गार, कोरड्या जागी, उजेडापासून दूर ठेवा. अट मोडली तर छापलेली तारीख तीच राहते, औषध मात्र तेच राहत नाही. असे का होते आणि आपल्या घरात त्यावर काय करता येते, हे या लेखात पाहू.

अभिक्रियेचा वेग

घरात कोणी नातवंड दहावीत असेल तर त्याचे विज्ञानाचे पाठ्यपुस्तक मागून घ्यावे. ‘रासायनिक अभिक्रिया व समीकरणे’ या प्रकरणात अभिक्रियेचा दर कशावर अवलंबून असतो हे दिलेले आहे: अभिक्रियाकारकांचे स्वरूप, त्यांच्या कणांचा आकार, संहती, तापमान आणि उत्प्रेरक. औषधाची गोळी ही रसायनच असल्याने हे सारे नियम तिलाही लागू होतात. फरक एवढाच, की प्रयोगशाळेत अभिक्रिया व्हावी अशी आपली इच्छा असते आणि औषधाच्या डब्यात ती होऊ नये अशी.

यांतील तापमानाचा प्रभाव प्रत्येक गृहिणीने अनुभवलेला आहे. पातेल्यात उकळत्या पाण्यात, म्हणजे सुमारे १०० अंशांवर, तुरीची डाळ शिजायला तासभर लागतो. कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि तीच डाळ पंधरा-वीस मिनिटांत मऊ होते. तापमानात केवळ वीस अंशांची वाढ झाली आणि वेळ एक चतुर्थांशावर आला. विरजण लावलेले दूध थंडीत रात्रभर ठेवूनही नीट लागत नाही, तेच वैशाखात चार-पाच तासांत लागते आणि संध्याकाळपर्यंत आंबटही होते. दह्यात जिवाणूंची करामत असली तरी त्यांच्या पोटात चालतात त्या रासायनिक अभिक्रियाच.

डच रसायनशास्त्रज्ञ व्हँट हॉफ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या अनुभवाला आकड्यांत बसवले. तापमान १० अंशांनी वाढले की बहुतेक अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो, असा ढोबळ नियम त्यांनी मांडला. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली त्यांनाच मिळाले. यामागचे कारण स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये स्पष्ट केले. प्रत्येक अभिक्रियेला ऊर्जेचा एक उंबरठा असतो. रेणू सतत हालत असतात, एकमेकांवर आदळत असतात. पण हा उंबरठा ओलांडण्याइतकी ऊर्जा फार थोड्यांपाशी असते, आणि जे ओलांडतात तेच बदलतात. उष्णता वाढली की सर्व रेणूंची सरासरी ऊर्जा किंचितच वाढते, परंतु उंबरठा ओलांडणाऱ्यांची संख्या मात्र झपाट्याने वाढते. म्हणून चार अंशांचा फरक आपल्याला क्षुल्लक वाटला तरी औषधाला तो क्षुल्लक नसतो.

मुदत कशी ठरते?

कोणतेही औषध तयार झाल्या क्षणापासून अतिशय संथपणे बदलत असते. त्यातील मूळ द्रव्य ठरावीक मर्यादेपर्यंत, बहुतेक औषधांत ९० टक्क्यांपर्यंत, उतरण्यास किती काळ लागेल हे तपासून मुदत ठरवली जाते. दोन-तीन वर्षे वाट पाहण्याआधी अंदाज यावा यासाठी कंपन्या औषधाचे नमुने ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या कपाटांत सहा महिने ठेवून पाहतात. म्हणजे औषधाचे वय मुद्दाम वाढवण्यासाठी प्रयोगशाळेत जे तापमान वापरतात, ते आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत आपोआपच असते.

एक सोपा हिशेब करू. समजा, एखादे औषध ३० अंशांवर २४ महिने टिकते. ते सतत ४० अंशांवर राहिले, तर दुपटीच्या नियमाने १२ महिनेच टिकेल आणि तिपटीच्या नियमाने ८ महिने. आपल्याकडे कडक उन्हाळा दोन-अडीच महिन्यांचा असतो. त्यातील दोन महिने औषध ४० अंशांवर राहिले, तर त्याच्या आयुष्यातील दोन नव्हे, चार ते सहा महिने खर्ची पडले असे समजावे. प्रत्येक औषधाचा उंबरठा वेगळा असल्याने हा हिशेब केवळ अंदाजाचा आहे. परंतु दिशा बरोबर दाखवतो.

‘दुपारी तापते हे खरे, पण रात्री गार होतेच ना?’ असे पुष्कळजण विचारतात. याचेही उत्तर गणितात आहे. खोली बारा तास ४५ अंश आणि बारा तास २५ अंश राहिली, तर सरासरी ३५ अंश येते. २५ अंशांवरील वेग १ धरला तर ३५ अंशांवर तो २ होईल आणि ४५ अंशांवर ४. दिवसाचा ४ आणि रात्रीचा १ यांची सरासरी अडीच येते. ३५ अंशांच्या हिशेबाने मात्र ती २ यायला हवी होती. म्हणजे दुपारचे नुकसान रात्रीचा गारवा भरून काढत नाही. औषध उद्योगात म्हणूनच साधी सरासरी न घेता तापलेल्या तासांना अधिक वजन देणारा हिशेब वापरतात.

येथे एक दिलासाही द्यायला हवा. बंद स्ट्रिपमधील रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, कोलेस्टेरॉलच्या बहुतेक गोळ्या चिवट असतात. एका उन्हाळ्याने त्या निकामी होत नाहीत. हा लेख वाचून कोणीही चालू गोळ्या फेकून देऊ नयेत की बंद करू नयेत. काही औषधे मात्र नाजूक असतात आणि त्यांची काळजी निराळी घ्यावी लागते.

लशीच्या बाटलीवरील चौकोन

उष्णता आणि वेळ यांचा एकत्रित हिशेब डोळ्यांनी पाहायचा असेल तर आरोग्य उपकेंद्रात पोलिओच्या लशीची बाटली पाहावी. तिच्यावर एक रंगीत वर्तुळ असते आणि त्याच्या मध्ये एक फिकट चौकोन. त्या चौकोनात असे रसायन असते, जे उष्णतेने हळूहळू गडद होत जाते. बाटली जितकी जास्त तापेल आणि जितका जास्त वेळ तापेल, तितका तो गडद होतो. पुन्हा गार केल्याने फिकट होत नाही. चौकोन वर्तुळापेक्षा फिकट असेल तोवर लस वापरायची. वर्तुळाइतका किंवा त्याहून गडद झाला की टाकून द्यायची. आशाताई आणि परिचारिका हे नेहमी पाहतात. लस घेऊन गावोगाव फिरणाऱ्या पेटीत बर्फाची पाकिटे का असतात, तेही यावरून कळेल. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्या यशात या छोट्या चौकोनाचाही वाटा आहे, कारण तापून बिघडलेली लस त्याच्यामुळे ओळखता आली.

आपल्या घरच्या औषधांवर असा चौकोन नसतो. रंग बदलला, डाग पडले, गोळी चिकट झाली, वास आला, तर औषध बिघडल्याचे कळते. पण पुष्कळदा औषधाचा जोर उतरूनही ते दिसायला जसेच्या तसे राहते. हीच खरी अडचण आहे.

इन्सुलिन: दुहेरी धोका

इन्सुलिन हे प्रथिन आहे. त्याच्या रेणूची विशिष्ट घडी असते आणि ती घडी शाबूत असेल तोवरच ते काम करते. उष्णतेने ती विस्कटते. काही वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, एका शेतकरी कुटुंबातील सून आपल्या सत्तरीतल्या सासऱ्यांना सकाळी सकाळी माझ्याकडे घेऊन आली. पहाटे ते घामाने भिजले होते आणि असंबद्ध बोलत होते. रक्तातील साखर ४८ होती. ग्लुकोज दिल्यावर ते सावरले. मग त्या सुनेने सांगितले, “डॉक्टरसाहेब, पथ्य तेच, जेवण तेच, सुई मी रोज वेळेवर देते. तरी महिनाभर मामांची शुगर खाली येईना, म्हणून आम्हीच दोनदा चार-चार पॉइंट वाढवले. काल नवी बाटली फोडली, आणि आज हे असं झालं.”

चौकशीत उलगडा झाला. जुनी बाटली पत्र्याखालच्या फळीवर ठेवलेली होती. तिचा जोर उतरला, साखर वाढली, घरच्यांनी मात्रा वाढवली. मग पूर्ण ताकदीची नवी बाटली आली आणि वाढवलेली मात्रा तशीच दिली गेली. बिघडलेल्या इन्सुलिनचा धोका असा दुहेरी असतो: आधी साखर वाढते, आणि नंतर नव्या बाटलीने ती एकदम उतरते. त्या सुनेच्या सेवेत काहीच उणे नव्हते. तिला कोणी हे सांगितलेलेच नव्हते.

म्हणून काळजीवाहू मंडळींनी पुढील गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. न फोडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवावे. फ्रीझरमध्ये किंवा बर्फाला चिकटून कधीही ठेवू नये. ‘जितके गार तितके चांगले’ हा नियम येथे लागू पडत नाही, कारण गोठल्याने प्रथिनाची घडी कायमची बिघडते. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर चांगले दिसले तरी टाकूनच द्यावे. वापरात असलेली बाटली किंवा पेन बहुतेक प्रकारांत सुमारे चार आठवडे, २५ किंवा ३० अंशांखाली ठेवता येते. कंपनीनुसार यात फरक असतो, म्हणून सोबतचे माहितीपत्रक वाचावे किंवा दुकानदाराकडून समजून घ्यावे. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी. स्वच्छ दिसणारे इन्सुलिन गढूळ झाले, किंवा मुळात दुधाळ असलेल्या इन्सुलिनमध्ये हलक्या हाताने फिरवूनही गुठळ्या राहिल्या, बाटलीच्या काचेला पांढरे कण चिकटलेले दिसले, तर ते वापरू नये.

बाटली तापल्याची शंका आली तर मात्रा आपणहून वाढवू नये. बाटली बदलावी, डॉक्टरांना कळवावे आणि नवी बाटली सुरू केल्यावर पहिले तीन-चार दिवस साखर अधिक वेळा तपासावी. घाम, थरथर, भ्रम अशी लक्षणे दिसली आणि रुग्णाला नीट गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.

फ्रिज नसेल तर?

फ्रिज नाही म्हणून इन्सुलिन टाळण्याचे कारण नाही. केनियातील दागाहाले येथील निर्वासितांच्या छावणीत घरांमधील तापमान दिवसरात्रीत २५ ते ३७ अंशांच्या दरम्यान फिरत असे. डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी तेच तापमान प्रयोगशाळेत राखून इन्सुलिनची तपासणी केली. चार आठवड्यांत त्याचा जोर जवळजवळ कमी झाला नाही, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात आढळले. याचा अर्थ ३७ अंशांपुढेही चालेल असा मात्र घेऊ नये. आपल्या मे महिन्यातील दुपार त्या मर्यादेच्या वर जाते. तेव्हा प्रश्न असा उरतो, की बाटली निदान त्या मर्यादेखाली कशी ठेवायची?

उत्तर आपल्या माठात आहे. मातीच्या भांड्यातून पाणी झिरपते, वाळते आणि वाळताना उष्णता घेऊन जाते. एका मोठ्या मडक्यात वाळू घालावी, त्यात लहान मडके रोवावे, वाळू सकाळ-संध्याकाळ पाण्याने ओली करावी. इन्सुलिन घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून ती डबी आतल्या मडक्यात ठेवावी आणि वर ओले फडके टाकावे. मडके सावलीत, पण वारा लागेल अशा जागी असावे. बंद कपाटात त्याचा उपयोग होत नाही. मराठवाड्यातील उन्हाळा कोरडा असल्याने ही युक्ती एप्रिल-मेमध्ये उत्तम चालते. पावसाळ्यात हवा दमट झाली की तिचा परिणाम कमी होतो. त्या दिवसांत उष्माही कमी असतो.

नांदेडहून औषधे आणणाऱ्यांनीही विचार करावा. भोकरमार्गे एसटीने येताना उन्हात खिडकीशेजारी ठेवलेली पिशवी चांगलीच तापते. इन्सुलिनची खरेदी सर्वांत शेवटी, बस धरण्यापूर्वी करावी. बर्फाचे पाकीट घेतल्यास ते आणि बाटली यांच्यामध्ये जाड कापड ठेवावे. पुण्याची किंवा हैदराबादची मुले प्रेमाने सहा महिन्यांची औषधे एकदम ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून पाठवतात. गोळ्यांचे ठीक, पण इन्सुलिन, डोळ्यांचे काही थेंब यांसारखी फ्रिजमधील औषधे तशी पाठवू नयेत. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तापमान ५० अंशांच्या पुढे जाते, हे स्वतःची गाडी असणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे.

ओल, उजेड आणि पूड

उष्णतेखालोखाल औषधाचा शत्रू म्हणजे ओल. हृदयरोगाच्या पुष्कळ ज्येष्ठांना ॲस्पिरिनची लहान गोळी चालू असते. दमट हवेतील पाण्याशी ॲस्पिरिनची अभिक्रिया होऊन सॅलिसिलिक आम्ल आणि ॲसिटिक आम्ल तयार होते. ॲसिटिक आम्ल म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल. गोळ्यांना आंबूस वास आला तर त्या टाकून द्याव्यात. फिट्ससाठी दिली जाणारी व्हॅल्प्रोएटची गोळी हवेतील ओल फार लवकर शोषते; ती घेण्याच्या वेळीच स्ट्रिपमधून काढावी. थायरॉइडच्या गोळ्या त्यांच्या मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून ठेवाव्यात. नातवंडांसाठी आणलेल्या अँटिबायोटिकची कोरडी पावडर दोन वर्षे टिकते, पण तीत पाणी मिसळले की अभिक्रिया वेग घेते. म्हणूनच असे तयार केलेले औषध साधारण आठवडाभरात संपवायचे असते, आणि पुष्कळदा फ्रिजमध्येही ठेवावे लागते. उरलेले ‘पुढच्या तापाला’ जपून ठेवू नये.

काही औषधांचे रेणू उजेडाने तुटतात. तपकिरी बाटली आणि चांदीसारखी स्ट्रिप ही शोभेसाठी नसून त्यांच्या रक्षणासाठी असते. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवण्याची नायट्रोग्लिसरिनची गोळी याहून नाजूक आहे. तिच्यातील द्रव्य चक्क उडून जाते. हा रासायनिक बदल नव्हे, बाष्पीभवन आहे. उष्णतेने तेही वाढते. ती गोळी तिच्या मूळ काचेच्या बाटलीतच ठेवावी, कापूस किंवा इतर गोळ्या तीत घालू नयेत, आणि शर्टाच्या खिशात सुटी बाळगू नये. ऐनवेळी ती निकामी निघाली तर नुकसान जिवाचे आहे.

आता पुडीविषयी. बाजरी कणगीत महिनोन्महिने टिकते, तिचे पीठ मात्र थोड्याच दिवसांत कडवट होते. दळल्याने हवेला आणि ओलीला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, आणि अभिक्रिया पृष्ठभागावर होते. गोळीचेही तसेच. महिन्याभराच्या गोळ्यांचे एकदम अर्धे तुकडे करून ठेवू नयेत. लागेल तेव्हा करावेत.

पोटात गेल्यावर तर पृष्ठभागाचे महत्त्व आणखी वाढते. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, एक्सएल किंवा रिटार्ड अशी अक्षरे असलेल्या गोळ्या दिवसभर थोड्या थोड्या विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. गिळायला त्रास होतो म्हणून सेवा करणारी व्यक्ती त्या कुटून दुधात देते आणि बारा किंवा चोवीस तासांचे औषध तासाभरात रक्तात उतरते. रक्तदाब एकदम कोसळणे, नाडी मंदावणे असे प्रकार यामुळे होऊ शकतात. कोणतीही गोळी कुटण्यापूर्वी विचारावे. बहुधा तेच औषध पातळ स्वरूपात किंवा साध्या गोळीत मिळते.

साखर तपासण्याच्या पट्ट्या

उत्प्रेरकाचे उदाहरणही घरातच आहे. ग्लुकोमीटरच्या पट्टीवर एक विकर, म्हणजे जैविक उत्प्रेरक, लावलेले असते. रक्तातील ग्लुकोजशी होणारी अभिक्रिया ते क्षणात घडवते आणि यंत्र ती मोजते. हे विकरही प्रथिनच असल्याने उष्णतेने आणि ओलीने बिघडते, आणि मग यंत्र चुकीचा आकडा दाखवते. त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिनची मात्रा ठरत असल्याने धोका लहान नाही. पट्टी काढताच डबीचे झाकण लगेच लावावे. त्या झाकणात किंवा डबीत ओल शोषणारे द्रव्य असते, म्हणून पट्ट्या दुसऱ्या डबीत काढून ठेवू नयेत.

या पंधरवड्यात एवढे करावे

१. भिंतीवर लावण्याचा साधा तापमापक आणावा आणि दुपारी चार वाजता घराच्या चार-पाच जागी ठेवून पाहावा. जुन्या माळवदाच्या घरातील जाड भिंतीची देवळी बहुधा सर्वांत गार असते. पत्र्याच्या घरात जमिनीलगतचा, उत्तरेकडील भिंतीजवळचा कोपरा पाहावा. औषधांचा डबा तेथे, पण लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा बंद पेटीत ठेवावा.

२. स्वयंपाकघर, न्हाणीघर, टीव्ही किंवा फ्रिजच्या वरची जागा आणि खिडकी येथून औषधे हलवावीत.

३. इंग्रजी वाचणाऱ्या नातवंडाकडून प्रत्येक पाकिटावरील साठवणीची ओळ वाचून घ्यावी आणि ती मराठीत चिठ्ठीवर लिहून पाकिटाला लावावी. मुदतीत केवळ महिना छापलेला असेल तर त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत औषध चालते.

४. सात खणांच्या गोळ्यांच्या डबीत एकाच आठवड्याच्या गोळ्या भराव्यात. ओल किंवा उजेड न सोसणाऱ्या गोळ्या स्ट्रिपमध्येच राहू द्याव्यात. स्ट्रिप कापताना गोळीचा कप्पा फाटू देऊ नये.

५. उन्हाळ्यात एका महिन्यापेक्षा जास्त साठा करू नये.

६. मुदत संपलेली औषधे वापरू नयेत. बहुतेक औषधे जुनी झाल्यावर केवळ दुबळी होतात, परंतु जुन्या टेट्रासायक्लिनने मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत.

७. औषध नियमित चालू असूनही उन्हाळ्यात साखर, रक्तदाब किंवा थायरॉइड एकाएकी बिघडला, तर दवाखान्यात येताना औषधांचा डबा सोबत आणावा आणि तो घरात कोठे ठेवलेला असतो, हेही सांगावे. पथ्य मोडले का, गोळी चुकली का, असे प्रश्न ज्येष्ठांना विचारून त्यांना अपराधी वाटू देण्याआधी ही एक शक्यता तपासायला हवी.